कोपरा न फाडलेलं कार्ड

वर्तमानपत्राच्या कचेरीत दुपारच्या टपालात एक पोस्टकार्ड आलं. त्याचा एक कोपरा फाडलेला होता. टपाल लावणाऱ्या नव्या उपसंपादकाने ‘पोस्टात फाटलेलं दिसतंय’ असं म्हणत ते माझ्यापुढे ठेवलं. तो शहरात वाढलेला होता. कोपरा फाडलेल्या कार्डात मरणाची बातमी असते आणि असं कार्ड वाचून झालं की घरात ठेवायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

कार्ड पौडहून आलं होतं. तिथल्या मिशनच्या दवाखान्यातल्या परिचारिका दयाबाई यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. मार्थाबाई गेल्या. तीन दिवस ताप होता. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या. पुस्तक त्यांच्याबरोबर दिलं. त्यात दोरे नव्हते, एक सोडून.

मार्थाबाईंची बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात येण्यासारखी नव्हती. आली नाही.

त्यांची माझी ओळख झाली तेव्हा मी मुळशी भागाच्या बातम्या पाहत असे. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, पुण्याहून एसटीने पौडला जायचं, मामलेदार कचेरीत चक्कर मारायची, भाताचे भाव, रस्त्यांची कामं, एखादी मारामारी टिपून घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं. पौडात तेव्हा ख्रिस्ती घरं सहा-सात असतील. दवाखान्याच्या मागच्या खोलीत रविवारी उपासना होई. मार्थाबाई त्या मंडळीच्या उपदेशिका होत्या. आठवड्यातले चार दिवस त्या कोळवणच्या खोऱ्यात पायी हिंडत आणि बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगत. गावांत त्यांना ‘पुस्तकाच्या बाई’ म्हणत.

त्या मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. नवरा मिशनचा उपदेशक होता. तो वारल्यावर त्याचं काम चालवाल का, असं मिशनच्या मुख्य मॅडमनी, म्हणजे वरच्या मॅडमनी, विचारलं आणि मार्थाबाई हो म्हणाल्या. उंच, काटक बांधा. पांढरं नऊवारी पातळ, पायात टायरच्या वहाणा, खांद्याला शिवलेली झोळी. चहा घेत नसत, गूळ-पाणी घेत. दोनदा बोलावल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्यात पाय ठेवत नसत. पुस्तक उघडण्याआधी हात धुवायचे, हा नियम. पाणी जवळ नसेल तर पुस्तक बंदच राही आणि त्या नुसतं बोलत.

पुस्तकात रंगीत दोरे होते. लाल दोरा घरातून निघून गेलेल्या मुलाच्या गोष्टीवर, निळा मेंढपाळाच्या स्तोत्रावर, हिरवा वादळातल्या होडीवर. पिवळा दोरा विहिरीवरच्या बाईचा. दोरा धरून त्या पान उघडत, बोट ओळीवर ठेवत आणि ठरलेल्या जागी पान उलटत. उलटताना कधी घाई होत नसे की उशीर होत नसे.

विहिरीवरच्या बाईची गोष्ट कोळवणात सगळ्यांत जास्त चाले. गावातल्या बायका सकाळी पाण्याला जातात. ही एकटी भर दुपारी जाते. का जाते? कारण हिच्या घरात काय चाललंय ते गावाला ठाऊक आहे आणि गावाच्या नजरा हिला नकोत. विहिरीवर एक वाटसरू बसलेला असतो. तो पाणी मागतो. मग तिचं सगळं लपवलेलं तो तिलाच सांगतो, पण तिची छीथू करत नाही. तेव्हा ती घागर तिथंच टाकून गावात पळते आणि ज्यांच्यापासून तोंड लपवत होती त्यांनाच हाका मारते.

एकदा ही गोष्ट चालू असताना मी तिथे होतो. एक बाई म्हणाली, “बाई, तुमचा देव परक्या बाईसंगं येवडं बोलतुया. आमचा तर घरचा मालक बी बोलत न्हाई.”

“तुझा मालक मुंबईत हाय, त्यो कसा बोलंल?” दुसरी म्हणाली.

“हितं हुता तवा तरी कुटं बोलत हुता!”

बायका हसल्या. मार्थाबाईही हसल्या. मालक मुंबईत असलेली ती बाई हौसा होती.

त्या खोऱ्यातले बरेच पुरुष मुंबईला होते. कुणी गोदीत, कुणी गिरणीत. त्यांची कार्डं येत. बायकांना वाचता येत नसे. मास्तरांपुढे घरचं कार्ड नेणं अवघड वाटे. पोस्टमनला वाचायला सांगितलं तर एका गावची गोष्ट तो पुढच्या गावात टपालासारखीच पोचवी. म्हणून कार्डं मार्थाबाईंकडे येत. त्या कार्ड पुस्तकात ठेवत आणि म्हणत, “आठवडाभर प्रार्थनेत ठेवते. पुढच्या खेपेला सावकाश वाचून सांगते.” पुढच्या खेपेला बरोबर सांगत. बायका म्हणत, बाई सावकाश वाचतात, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मधल्या आठवड्यात पौडात ती कार्डं वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतली जात. दयाबाईंना त्या डोळे आल्याचं सांगत. शिंप्याला अक्षर किरटं असल्याचं सांगत. दोन कार्डं मीही वाचून दाखवली होती. अक्षर खरोखरच किरटं होतं.

त्यांच्यावर मी एक लहानसा मजकूर लिहिला होता: रंगीत दोरे, पायपीट, बायकांचा विश्वास. छापून आल्यावर कात्रण त्यांना नेऊन दिलं. त्यांनी हात धुतले, कात्रण दोन्ही हातांत घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि मला परत दिलं. “तुम्हीच वाचा. लिहिणाऱ्याच्या तोंडून बरं वाटतं.” मी वाचलं. बातमी हातात होती आणि मी ती पाहिली नाही.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षीचा पावसाळा. कोळवणात भाताची लावणी चालू होती. दहा दिवस टपाल आलं नव्हतं. उघडीप मिळाली तसा पोस्टमन आला, बांधावरून हौसाच्या हातात कार्ड देऊन पुढे गेला. मार्थाबाई त्याच वाटेने येत होत्या. हौसा गुडघाभर चिखलातून वर आली.

“बाई, आत्ताच सांगा. पुढच्या खेपेपतूर जीव ऱ्हायाचा न्हाई माजा.”

आठ-दहा बायका रोपांच्या मुठी हातात धरून ताठ उभ्या राहिल्या. मार्थाबाईंनी कार्ड घेतलं. आधी चारी कोपरे पाहिले. चारी शाबूत होते. अशा कार्डांतला मजकूर त्यांना पाठ झालेला होता. दहातल्या नऊ कार्डांत तोच असे. त्या म्हणाल्या, “पत्र लिहिण्यास कारण की, इकडे सर्व खुशाल. तुमची खुशाली कळवावी. पोराला सांभाळा. लावणी नीट उरका.”

हौसाने सुस्कारा सोडला आणि परत चिखलात उतरली. कार्ड प्रार्थनेसाठी पुस्तकात गेलं. त्या आठवड्यात मार्थाबाईंनी ते कुणालाच दाखवलं नाही. एकदा सांगून झाल्यावर त्यात काय आहे ते कळून घ्यायची भीती वाटली, असं त्यांनी मला पुढे सांगितलं.

सहाव्या दिवशी दुसरं कार्ड आलं. त्याचा कोपरा फाडलेला होता. ते वाचायला कुणाची गरज पडली नाही. हौसाने ते पाहिलं आणि बांधावरच बसली.

तिचा नवरा किसन गोदीत हमाल होता. त्याच्या खोलीतला सोबती दिवसकार्यानंतर सामान घेऊन गावी आला. कार्ड घालूनही बायको आली नाही, हे त्याने बोलून दाखवलं. सासू हौसाला म्हणाली, “बोलावनं आलं तरी गेली न्हाईस. लावणी गोड लागली तुला.”

“आत्याबाई, कार्डात तसं न्हवतंच,” हौसा म्हणाली. “खुशाल हाय म्हनून हुतं. बाईंनी वाचलं की. समद्यांनी ऐकलं.”

“त्यो माझ्या तोंडावर सांगतुया, म्या लिवलं म्हनून. त्यो खोटा काय?”

हौसा मार्थाबाईंकडे गेली. घरी येऊन एवढं सांगा, म्हणाली. मार्थाबाई म्हणाल्या, “कार्ड शोधते. सापडलं की येते.”

पुढच्या बाजारी त्या एसटीच्या थांब्यावर माझी वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी कार्ड दिलं. “वाचा.” या वेळी अक्षराबद्दल काही म्हणाल्या नाहीत. अक्षर ठळक, मोठं होतं. मी वाचलं:

‘किसनला मुदतीचा ताप आहे. दवाखान्यात ठेवला आहे. सारखं तुझं नाव घेतो. कार्ड पोचताच निघून ये. लावणी राहू दे.’

“पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचलं. त्यांनी कार्ड घेऊन पुस्तकात ठेवलं.

“हे तुम्ही वाचलं नव्हतं?”

“मी कधीच काही वाचलेलं नाही,” मार्थाबाई म्हणाल्या.

मग उभ्या-उभ्याच त्यांनी सांगितलं. नवरा रोज सकाळी मोठ्याने वाचत असे. चूल पेटवता पेटवता ऐकून त्यांना पुस्तकाचा बराच भाग पाठ झाला होता. वरच्या मॅडमनी काम चालवाल का एवढंच विचारलं. वाचता येतं का, हे विचारलं नाही. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सांगायची लाज वाटली. पुढे त्या लाजेवरच घर उभं राहिलं.

“आता काय करणार?”

“आज तरी गप्प बसणार.”

मीही गप्प बसलो. ही छापण्याजोगी बातमी नाही, अशी मी समजूत करून घेतली. न छापताही कुणाला तरी सांगता आलं असतं, हा विचार मी लांब ठेवला.

त्या जवळजवळ चार महिने गप्प बसल्या. या काळात हौसाला सासूने घराबाहेर, गोठ्याच्या पडवीत काढलं. चूल वेगळी झाली. पोराला आजीने आत ठेवून घेतलं. बांधावर ऐकणाऱ्या बायका सासूच्या धाकाने मधे पडल्या नाहीत. गावाने तिला नाव ठेवलं: खुशालबाई. पाणवठ्यावर ती दिसली की कुणीतरी विचारी, “काय गं खुशालबाई, काय म्हंतुया मालक?” ती हळूहळू दुपारी पाण्याला जाऊ लागली.

हे मार्थाबाईंनी पाहिलं. भर उन्हात, एकटी, डोक्यावर घागर.

पुढचा प्रसंग माझ्यासमोर घडलेला नाही. दयाबाई आणि मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री, या दोघांनी सांगितलं, त्यातलं जुळतं तेवढं लिहितो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी शास्त्रपाठ मार्थाबाईंचा होता. त्यांनी हात धुतले, पिवळ्या दोऱ्याचं पान उघडलं. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, “ती बाई दुपारी पाण्याला का येत होती, हे मी इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत आले. दुपारची बाई मीच आहे. मला अक्षर येत नाही.” आणि कार्डाची सगळी हकिगत सांगितली. पाळकांनी प्रार्थना केली. नंतर त्यांना बाजूला घेऊन ते म्हणाले, “तुम्ही देवापुढे बोललात, मंडळीपुढे बोललात. प्रभूने क्षमा केली. आता हे इथेच राहू द्या. बाहेर गेलं तर लोक पुस्तकालाच खोटं म्हणतील.”

मार्थाबाई म्हणाल्या, “पाप कोळवणात केलं, पाळकसाहेब. कबुली पौडात कशी चालेल?”

त्यांनी मला बरोबर येता का विचारलं. “कार्ड तुम्ही वाचा. माझ्या वाचण्यावर आता कोण विश्वास ठेवील?”

आम्ही पायी गेलो. कोळवणात झोडणी चालू होती. खळ्यावर सगळं गाव होतं. भाताच्या पेंढ्या फळीवर आपटल्याचा आवाज लांबून येत होता. हौसा एका कडेला एकटीच काम करत होती. सासूने मार्थाबाईंना पाहिलं.

“बाई, आज लई काम हाय. गाणं म्हनायचं आसंल तर मागनं या.”

“गाणं नाही, आजी. कबुली आहे.”

फळीवरचा आवाज थांबत गेला. मार्थाबाई खळ्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि वाचता येत नसल्यापासून सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. स्वतःबद्दल दयेचा एक शब्द वापरला नाही. शेवटी म्हणाल्या, “हौसा खरं बोलत होती. तिला मी जे सांगितलं तेच तिनं तुम्हाला सांगितलं. खोटी मी आहे.” मग मी कार्ड वाचलं.

एक म्हातारा म्हणाला, “म्हंजी इतकी वर्सं पुस्तक नुसतं वागवत हुतीस व्हय?”

“होय, बाबा.”

कुणीतरी हसलं, पण ते हसू पुढे कुणी उचललं नाही. हौसा माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“त्ये परत वाचा. नावाचं.”

“सारखं तुझं नाव घेतो,” मी वाचलं.

“परत.”

मी तीनदा वाचलं. मग तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि मार्थाबाईंकडे वळली.

“म्या गेले असते तर त्याच्या तोंडात पानी तरी घातलं असतं.”

मार्थाबाईंनी तिच्यावरची नजर हलवली नाही.

“तुमचा देव करंल तुमाला माफ,” हौसा म्हणाली. “त्याचं काय गेलं हाय?”

ती कार्ड घेऊन गोठ्याकडे निघाली. सासू खाली बसली होती. ती उठली, पदर नीट केला आणि हौसाच्या पाठीवर ओरडली, “तिकडं कुटं जातीस? भाकरी घरात हाय.” माफीचा शब्द तिनेही काढला नाही. पण त्या दिवसापासून चूल पुन्हा एक झाली आणि खुशालबाई हे नाव गावात कुणी घेतलं नाही.

परतीच्या वाटेवर मार्थाबाई दोनदा बोलल्या. ओढा ओलांडल्यावर म्हणाल्या, “हलकं वाटेल असं वाटलं होतं.” बरंच अंतर गेल्यावर म्हणाल्या, “नाही वाटलं. पण आता कुणापासून वाट चुकवायला नको.”

उपदेशिकेचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. त्यात अन्याय झाला असं त्या स्वतःही म्हणाल्या नाहीत. जागा वाचणाऱ्या बाईची होती. त्या दवाखान्यात पट्ट्या धुऊन उकळायचं काम करू लागल्या. रविवारी सगळ्यांत मागे बसत. प्रभुभोजनाची भाकर घ्यायच्या वेळी मात्र उठून सगळ्यांबरोबर पुढे जात, आणि पूर्वीपेक्षा ताठ चालत, असं दयाबाई सांगत.

दुपारी रोगी कमी झाले की दयाबाई त्यांना अक्षरं शिकवत. वय पन्नाशीच्या पुढे. पहिली मुळाक्षरं झाल्यावर दयाबाईंनी पहिलीचं पुस्तक आणलं. मार्थाबाईंनी ते बाजूला ठेवलं आणि मला म्हणाल्या, “त्या कार्डात होतं ते मोठ्या अक्षरात लिहून द्या. तुम्हाला आठवत असेल.” आठवत होतं. मी लिहून दिलं. त्या कागदावर त्या वाचायला शिकल्या. त्यांनी सबंध वाचलेलं पहिलं वाक्य ‘लावणी राहू दे’ हे होतं. ते वाचून झाल्यावर त्या दिवशी पाटी पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या.

पुस्तकातलं एकेक पान वाचता येऊ लागलं तसा त्या पानाचा दोरा त्यांनी काढून टाकला. आधी निळा, मग हिरवा, मग लाल. पिवळ्या दोऱ्याचं पान वाचता आल्यावरही तो दोरा काढला नाही.

बऱ्याच वर्षांनी मला कचेरीतलं काम मिळालं आणि मुळशीच्या फेऱ्या बंद झाल्या. शेवटच्या फेरीत मार्थाबाई दिसल्या त्या एसटीच्या थांब्यावर. सावलीला दगडावर बसल्या होत्या. औषधाची पेटी पुण्याहून यायची होती. माझी गाडी लागलेली होती, मी खिडकीशी बसलो होतो. समोरच्या पोस्टाच्या पायरीवरून हौसा उतरली. केस पिकले होते. हातात कार्ड होतं. पोस्टमास्तर तिच्या मागेच दारात उभे होते. त्यांना विचारलं असतं तर एका दमात वाचून दिलं असतं. ती रस्ता ओलांडून आली आणि मार्थाबाईंच्या पुढे उभी राहिली. नमस्कार नाही, विचारपूस नाही.

“पोराचं हाय. गोदीत लागलाय.”

मार्थाबाई उठल्या. थांब्यावरच्या रांजणातून पाणी घेऊन हात धुतले, पदराला पुसले आणि कार्ड घेतलं. चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. मग बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं.

“प… त्र… पत्र. लि… हि… ण्या… स.”

कंडक्टरने घंटी दिली. कोळवणची गाडीही सुटायला आली होती. हौसाला तिनेच जायचं होतं. ती जागची हलली नाही. मार्थाबाईंकडे पाहतही नव्हती. रस्त्याकडे तोंड करून उभी होती आणि ऐकत होती.

“का… र… ण… कारण. की.”

ज्या ओळी त्यांना झोपेतही म्हणता आल्या असत्या, त्या मार्थाबाई एकेका अक्षरावर थांबून वाचत होत्या. पुढे काय येणार हे त्यांना ठाऊक नसल्यासारखं बोट सरकत होतं. माझी गाडी हलली तेव्हा त्या ‘खुशाल’ या शब्दापाशी पोचल्या होत्या. बोट तिथे थांबलं. त्यांनी तो शब्द एकदा वाचला, मान वाकवून पुन्हा पाहिला आणि पुन्हा वाचला.